ओळखणारा कोण? ख्रिस्ती विचारातले आत्मज्ञान आणि त्याची हद्द

धाराशिव जिल्ह्यातले तेरणेकाठचे तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळी जमलेली असताना कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते सांगा, असा आग्रह झाला. काकांनी थापटणे उचलून एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा कीर्तनांतून आपण सारेच ऐकत आलो आहोत. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण जातात, म्हणून कथेचा रोख बहुधा गुरूच्या गरजेकडे वळवला जातो. पण तिच्यात आणखी एक धारदार गोष्ट आहे. नामदेव साधासुधा भक्त नव्हता. प्रत्यक्ष विठ्ठल त्याच्या हातचा नैवेद्य खाई. तरीही आपण कच्चे असू, ही शंका त्याच्या मनाला शिवलेली नव्हती. ती बाहेरून थाप पडल्यावर आली, आणि आली तेव्हा त्याला ती अपमानासारखी लागली. तो तक्रार घेऊन पंढरीला गेला, तर विठ्ठलानेही कुंभाराचाच निकाल कायम केला. माणसाला स्वतःची पारख करता येते का, आणि येत नसेल तर ती करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वारकरी कथेने असा एका अंगणात सोडवला. ख्रिस्ती धर्मात त्यावर दोन हजार वर्षे खल चालला आहे. त्याचे उत्तर वेगळे आहे, आणि त्यातला मराठी माणसांचा वाटा आपल्याकडे फारसा कोणी मोजलेला नाही.

बायबलमध्येही कुंभार आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, एकोणतिसाव्या अध्यायात, आपले बेत अंधारात लपवणारी आणि आपल्याला कोण ओळखतो असे विचारणारी माणसे येतात. संदेष्टा त्यांना सुनावतो की घडवलेल्या वस्तूने घडवणाऱ्याला अडाणी ठरवणे हे उफराटे झाले. तेरचा कुंभार भाजून झालेले मडके पारखतो. यशयाचा कुंभार माती हाताळतो. देव माणसाला जाणतो तो तपासून नव्हे, घडवला म्हणून, हा हिब्रू विचार 139 व्या स्तोत्रात पूर्णपणे उलगडतो: बसणे, उठणे, जिभेवर न आलेला शब्द, आईच्या पोटातली घडण, सारे त्याला ठाऊक. गंमत अशी की देवाला सर्व ठाऊक आहे असे सांगून झाल्यावर स्तोत्राच्या शेवटी कवी त्याच देवाला आपले हृदय तपासून पाहण्याची विनंती करतो. ज्याला सगळे ठाऊक आहे त्याला तपास म्हणण्यात काय मतलब? मतलब इतकाच की कवीला स्वतःची खात्री नाही. यिर्मया त्याहून रोखठोक आहे. त्याच्या मते माणसाचे हृदय सगळ्यांत कपटी असते आणि ते फक्त देवच पारखू शकतो.

नव्या करारात ही शंका पात्रांच्या रूपाने उभी राहते. मरण आले तरी तुला सोडणार नाही, असे पेत्र मनापासून म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला स्वतःची माहिती चुकीची असते. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, हे येशू त्याला आधीच सांगतो आणि तसेच घडते. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तीनदा प्रेमाची विचारणा होते तेव्हा पेत्र स्वतःची ग्वाही देणे सोडून देतो आणि तूच सगळे जाणतोस म्हणून मोकळा होतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायनिवाडा तर आणखी चमत्कारिक. भुकेल्याला अन्न दिलेले नीतिमान आणि न दिलेले दुर्जन, दोघेही सारखेच चकित होतात. आपण काय केले ते त्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दुर्जनांचे अज्ञान समजण्यासारखे आहे. सज्जनांनाही स्वतःचे सज्जनपण माहीत नव्हते, ही त्या दृष्टांताची खरी चपराक. पौलाने करिंथकरांना लिहिताना याचा सिद्धांतच केला. माझे मन मला खात नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. मी स्वतःचाही न्याय करत नाही आणि तुम्हीही वेळेआधी कोणाचा करू नका, असा त्याचा सूर आहे. गलतीकरांना लिहिताना तर तो आपलेच वाक्य मध्ये दुरुस्त करतो: तुम्ही देवाला ओळखले, किंबहुना देवाने तुम्हाला ओळखले. पुढची सारी ख्रिस्ती चर्चा या दुरुस्तीवर उभी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कबूल केले की माणसाच्या आत असे काही असते जे त्याच्या आत्म्यालाही ठाऊक नसते. कॅल्व्हिनने आपल्या मुख्य ग्रंथाची सुरुवातच आत्मज्ञान आणि देवज्ञान एकमेकांपासून सुटे करता येत नाही या विधानाने केली.

इथे मराठी वाचक साहजिकच म्हणेल की हे आपल्याकडेही आहे. जाणणाऱ्याला कशाने जाणावे, हा प्रश्न बृहदारण्यकात याज्ञवल्क्याने मैत्रेयीपुढे ठेवला, आणि पाहणारा स्वतःला पाहू शकत नाही हा विचार ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त लख्ख मांडला. साम्य खरे आहे, पण ते फार दूर नेता येत नाही. उपनिषदातली अडचण ज्ञानाच्या स्वरूपातून येते: जो जाणतो तो जाणण्याचा विषय होऊ शकत नाही. ती अडचण ओळखली की मुक्तीची वाट उघडते, कारण जाणणारा शेवटी ब्रह्मच असतो. ख्रिस्ती अडचण दुहेरी आहे. माणूस निर्मित आहे म्हणून त्याला स्वतःचा तळ लागत नाही, आणि तो स्वतःला फसवत असतो म्हणून लागला तरी तो कबूल करत नाही. हा फरक ज्याने सगळ्यांत नेटाने मांडला तो चित्पावन घराण्यातला, काशीत वाढलेला पंडित होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे 1848 मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोऱ्हे या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘षड्दर्शन दर्पण’ या ग्रंथात त्यांनी अद्वैतावर घेतलेला मुख्य आक्षेप हाच की जीव जर ब्रह्म असेल तर अज्ञान कोणाचे? ब्रह्माला अज्ञान चिकटवता येत नाही, आणि जीवाचे अज्ञान तर रोजच्या अनुभवाचे आहे. म्हणून जीव ब्रह्म नव्हे. हा युक्तिवाद वेदान्त्यांना मान्य होणार नाही आणि त्यांच्याकडे त्याची उत्तरेही आहेत. पण गोऱ्ह्यांचे पुढचे आयुष्य पाहिले की कळते, हा त्यांच्या लेखी नुसता तर्काचा डाव नव्हता. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. आपली श्रद्धा खरी की आपण स्वतःची समजूत घालतो आहोत, या प्रश्नाने ते आयुष्यभर पोखरले गेले. आतून खात्री मिळावी म्हणून त्यांनी जितके खोदले तितकी जमीन अधिक भुसभुशीत झाली.

गोऱ्ह्यांना जे सोसावे लागले त्याला आता प्रयोगशाळेचाही दुजोरा आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी 1977 मध्ये एका प्रसिद्ध निबंधात दाखवले की माणसे आपल्या निवडीची कारणे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात आणि ती बहुधा चुकतात. त्यांच्या एका प्रयोगात टेबलावर मोजे मांडलेले होते, सगळे अगदी एकसारखे. लोकांनी उजवीकडचा जोड अधिक वेळा उचलला. कारण विचारताच विणीबद्दल, पोताबद्दल बोलले, जागेचा उल्लेख कोणीच केला नाही. पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी 2005 मध्ये याहून पुढची गोष्ट दाखवली: निवडलेला फोटो गुपचूप बदलून दुसराच हातात दिला, तर बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही आणि न निवडलेला चेहरा आपण का निवडला याची कारणेही ते सांगतात. सिमीन वझीर यांच्या 2010 च्या अभ्यासाचा निष्कर्ष जास्त सावध आहे. मनातली धास्ती, घालमेल माणसाला स्वतःला बरी कळते. पण बुद्धीसारखे, जिथे आपला मान गुंतलेला असतो असे गुण इतरांना अधिक नीट दिसतात. म्हणजे थापटणे काही बाबतीत उपयोगी आहे. देवाचे नाव न घेताही एवढे म्हणता येते की जिथे अहंकाराचा संबंध येतो तिथे आत्मपरीक्षणाची साक्ष कच्ची धरावी.

मग आपल्याला इतरांनी ओळखावे, एवढ्याने भागेल का? ना. वा. टिळकांच्या चरित्रात याचे सुंदर उदाहरण आहे. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परक्याला काही तासांत दिसले ते टिळकांना दिसत नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण अशी भाकिते खरी ठरलेलीच लोक लक्षात ठेवतात, आणि एखादे भाकीत मनात रुजून स्वतःच कारण बनते. शिवाय याच चरित्रात उलटी बाजूही आहे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचे धर्मांतर कसे सोसले, अनेक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या कशा राहिल्या आणि नंतर सोवळ्याओवळ्याची गाठ मनातून कशी सुटली, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. तो बदल बाहेरच्या कोणाला आधी दिसला नव्हता. जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचारातून तो अचानक वर आला आणि वर आला तेव्हा पूर्ण झालेला होता. लक्ष्मीबाई त्याचे वर्णन इतके सरळ करतात की वाचणाऱ्याला तिथे काही गूढ आहे हेसुद्धा जाणवत नाही.

इतरांनी ओळखण्याचा धोका किती, हे पंडिता रमाबाईंच्या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट दिसते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज इथे झाला. त्यांना तिथवर आणण्यात गोऱ्ह्यांच्या लेखनाचाही हात होता. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन, चेल्टनमच्या डोरोथिया बील आणि रमाबाई यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो आत्मज्ञानाच्या प्रश्नावरचा मराठी माणसाने लिहिलेला सर्वांत थेट दस्तऐवज आहे असे माझे मत आहे. जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक माता. त्यांना रमाबाईंमध्ये गर्व दिसला: चर्चचे मत मुकाट्याने न स्वीकारण्यात गर्व, त्रैक्यावर प्रश्न विचारण्यात गर्व, अंडे घातलेले पुडिंग न खाण्यातही जातीचा गर्व. ही नुसती कुरबुर नव्हती. त्यामागे विचार असा होता की माणूस स्वतःला फसवतो, म्हणून ज्यांना त्याच्या आत्म्याची काळजी सोपवली आहे त्यांनी त्याला त्याचे खरे रूप दाखवावे. म्हणजे यिर्मयाचे सूत्र हाती घेऊन जेराल्डीन थापटणे चालवत होत्या. रमाबाईंचे उत्तर दोन पदरी आहे. पुडिंगात गर्व शोधायचा तर खुशाल शोधा, असे त्या थट्टेने म्हणतात आणि आपल्यात दोष नाही असा दावाही करत नाहीत. पण भारतातल्या पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर मी दुसऱ्या कोणाचे जोखड मानेवर घेणार नाही, मला देवाने दिलेली विवेकबुद्धी आहे आणि तिला मी देवापुढेच जबाबदार आहे, हे त्या ठासून सांगतात.

या वादात कोण बरोबर? सरळ उत्तर असे की दोघींनीही त्याच सिद्धांताचा आधार घेतला, आणि रमाबाईंना तो अधिक नीट कळला होता. माणसाचे हृदय त्याला स्वतःला कळत नसेल, तर जेराल्डीनचे हृदय जेराल्डीनला तरी कसे कळावे? स्वतःच्या सत्तेची आवड आणि रमाबाईंच्या आत्म्याची काळजी यांतला फरक त्यांनी कशाने ओळखला? हृदयाची पारख फक्त देव करतो, हे वाक्य खरे मानायचे तर ते पारखणाऱ्यालाही लागू झाले पाहिजे. इथे ख्रिस्ती सिद्धांताची वाट तेरच्या अंगणापासून वेगळी होते. नामदेवाच्या कथेत कुंभाराचा निकाल आणि देवाचा निकाल एकच ठरतो. बायबलमध्ये ते फार क्वचित घडते. दाऊदाच्या निवडीच्या वेळी तर खुद्द शमुवेल संदेष्टा उंच, देखण्या थोरल्या भावाला निवडायला निघतो आणि देव त्याला थांबवतो. रमाबाईंना पुढे दोन्ही बाजूंनी असेच पारखले गेले. 1893 मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदन या शाळेवरून वादळ उठले. मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. हिंदूंना त्या फार ख्रिस्ती वाटल्या, अनेक मिशनऱ्यांना पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत. या सगळ्या पारखी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

रमाबाईंनी 1907 मध्ये आपली साक्ष लिहिली तेव्हा मात्र एक विलक्षण गोष्ट केली. 1883 मध्ये मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. खरी ओळख सुमारे आठ वर्षांनी पटली. जेराल्डीनला दिसलेली उणीव शेवटी रमाबाईंनीच कबूल केली असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. जेराल्डीनला उणीव दिसली ती आज्ञाधारकतेची, आणि ती रमाबाईंनी कधीच भरून काढली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या शेवटपर्यंत स्वतःच्याच रीतीने राहिल्या आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या. साक्षीत कबूल केलेली उणीव वेगळी आहे आणि ती कोणीही बाहेरून दाखवलेली नव्हती. लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की आठ वर्षे आपण स्वतःला ओळखत नव्हतो हे लिहिणारी बाई आज आपण स्वतःला पूर्ण ओळखतो असा दावा करत नाही. आजच्या साक्षीवरही उद्या दुरुस्ती होऊ शकते, ही जागा ती मोकळी ठेवते.

देवाला आपण ठाऊक आहोत या कल्पनेवर आधुनिक काळात तीन मोठे आक्षेप आले. फॉयरबाखचा 1841 मधला आक्षेप सर्वपरिचित आहे: माणूस आपलेच रूप आकाशात फेकतो आणि त्याला देव म्हणतो, मग देवाने मला ओळखले म्हणजे मीच मला ओळखले. याला पूर्ण उत्तर नाही, कारण श्रद्धेच्या बाहेर उभे राहून ते देता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की इच्छेतून बनवलेला देव माणसाला सोयीचे तेच सांगेल. पेत्राची बढाई खोटी पाडणारा, सज्जनालाही चकित करणारा आणि गोऱ्ह्यांना आयुष्यभर झोप लागू न देणारा देव सोयीचा नक्कीच नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सतत पाहणारा डोळा माणसाला मोकळा ठेवत नाही, असे सार्त्र आणि इतरांनी म्हटले. फूकोने 1976 मध्ये दाखवले की 1215 च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केल्यापासून स्वतःबद्दल बोलायला लावणे हेच सत्तेचे साधन बनले. इतिहास म्हणून हे बव्हंशी खरे आहे आणि ख्रिस्ती लेखकांनी ते टाळू नये. जेराल्डीनची पत्रे याच यंत्राची सौम्य आवृत्ती होती. पण फूकोचे निदान लागू पडते ते देवाच्या नावाने पाहणाऱ्या माणसाला. पाहण्याचा हक्क एकट्या देवाकडेच ठेवला तर पाळत ठेवणाऱ्याचे कामच संपते. नाझी तुरुंगातल्या डीट्रिख बॉनहॉफरने 1944 मध्ये मी कोण या प्रश्नावर कविता लिहिली. पहारेकऱ्यांना तो निर्धास्त दिसे, आतून तो भेदरलेला होता. यांतला खरा कोण हे त्याने ठरवले नाही, तो निर्णय देवाकडे सोपवला. ज्यांच्याकडे त्याच्यावर चोवीस तास नजर ठेवण्याची सत्ता होती, त्यांच्याकडून शेवटचा शब्द त्याने असा काढून घेतला.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. देवालाच सगळे ठाऊक तर आपण स्वतःला तपासायचे तरी कशाला? अन्याय करणारा खुशाल म्हणेल की माझे मन देव जाणतो. महाराष्ट्रात हे वाक्य राजकारण्यांपासून सावकारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते आणि ते चीड आणणारे आहे. पण पौलाने आत्मपरीक्षणाला मनाई केलेली नाही. त्याच करिंथकरांना तो दुसऱ्या पत्रात स्वतःला पारखून पाहायला सांगतो. त्याने मनाई केली ती निकाल लिहायला. तपास करायचा, दोष सापडला तर कबूल करायचा, ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई द्यायची, आणि निकालाचे पान कोरे ठेवायचे. जो देव माझे मन जाणतो असे म्हणून भरपाई टाळतो, त्याने निकाल आधीच स्वतःच्या बाजूने लिहिलेला असतो. गोऱ्ह्यांना हे कोरे पान सोसवले नाही. त्यांना शिक्कामोर्तब हवे होते. रमाबाई त्या कोऱ्या पानासह एक संस्था चालवू शकल्या. दोघांच्या श्रद्धेत मापाचा फरक होता असे म्हणणे म्हणजे पुन्हा तेच थापटणे उचलणे, म्हणून तो मोह इथे सोडतो.

या विचाराचा सर्वांत धाडसी व्यवहारी परिणाम टिळकांनी काढला. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्ताचे शिष्य होऊ इच्छिणाऱ्या कोणालाही त्यात जागा होती. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. देवाचा कोण हे देवाला ठाऊक, ही शिकवण चर्चमध्ये वाचली जात होतीच. टिळकांनी तिचा अर्थ नोंदवहीपर्यंत नेला. मिशनमधल्या अनेकांना हे पसंत पडले नाही. 1919 मध्ये टिळक वारले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. तेरचा धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि मराठी ख्रिस्ती विचार घडला तो अहमदनगर, पुणे, केडगाव अशा इंग्रजी मुलखातल्या गावांत. म्हणून तेरचा कुंभार आणि टिळकांचा दरबार यांची गाठ कोणी घातली नाही. ती घालायला आता हरकत नाही. रमाबाईंचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून संकलित केला, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो 1977 मध्ये इंग्रजीत प्रकाशित केला. हा आढावा पटो वा न पटो, वाचकाने ती पत्रे स्वतः मिळवून वाचावीत.